आज कुणाच्या खाचरात

पहाटे साडेचार

आज आमच्या घरातून तीन माणसं जायची आहेत. खालच्या आळीतल्या काकींच्या घरून मागच्या आठवड्यात आमच्या खाचरात तिघं येऊन गेले, म्हणून आज तिघं. दादा, वहिनी आणि मी असं रात्री ठरलं होतं, पण वहिनीला पहाटे ताप भरला. आईने तिच्या कपाळाला हात लावला, चुलीपुढून उठली आणि खुंटीवरचं जुनेर काढलं.

"तू पोरांपाशी थांब. मी जाते."

"आत्या, गुडघा दुखतोय ना तुमचा?"

"दुखू दे. माणूस कमी नको पडाया."

पुनर्वसू नक्षत्र लागलंय. जुनी माणसं ह्याला तरणा पाऊस म्हणतात आणि पुढच्या पुष्याला म्हातारा. रात्रभर तो कौलांवर वाजत होता. आमची वाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी मंचरला नोकरी करते आणि आवणीला, म्हणजे भातलावणीला, रजा टाकून येते. ऑफिसात दरवर्षी कुणीतरी विचारतं, मजूर लावून उरकत नाही का? विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण आवणीच्या पंधरवड्यात आमच्या खोऱ्यात मजूर मिळणार कुठून? ज्याला त्याला आपलं खाचर असतं आणि सगळ्यांची खाचरं एकाच पावसात भरतात. पैसे असले तरी माणूस विकत मिळत नाही. माणूस माणसाच्या बदल्यातच मिळतं. ह्या देवाणघेवाणीला आमच्याकडे पडकई म्हणतात. दुसरीकडे सावड, इर्जिक अशी नावं आहेत.

कोरा चहा होतो. काल रात्रीची नाचणीची भाकरी त्यात मोडून खायची आणि निघायचं.

पावणेसहा

पूर्वी डोक्यावर इरलं असायचं. आता प्लास्टिकच्या कागदाची खोळ करून घेतात. ती हलकी असते, पण वाकलं की पाठीवरून सरकते. आईच्या लहानपणाचं इरलं अजून पडवीत टांगलेलं आहे. ते जड होतं, पण त्याखाली पाठ कोरडी राहायची, असं ती सांगते.

वाट डोंगराच्या कडेने जाते. काकींचा थोरला मुलगा आमच्या आधी उठून वर जाऊन आला आहे. बांधाला नवी भेग पडली का, झऱ्याचं पाणी गढूळ यायला लागलं का, एवढं बघून आला. माळीण गाव इथून लांब नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी तिथला डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली. एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन पोहोचला तेव्हा गाव जागेवर दिसेना, आणि मग बातमी बाहेर गेली. दिवस आवणीचेच होते. तेव्हापासून सलग दोन-तीन दिवस पाऊस लागला की वाडीतलं कुणी ना कुणी पहाटे वर जाऊन येतं. ह्याची पाळी लावलेली नाही, नोंदही नाही. ज्याला जाग येते तो जातो, आणि परतल्यावर वाटेतल्या प्रत्येक घरापुढे एक हाक देतो.

साडेसहा

राबापाशी जमलो तेव्हा सतरा-अठरा माणसं झाली होती. आधी आवण उपटायचं.

ज्यांनी भात फक्त ताटात पाहिलं त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. उन्हाळ्यात जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या बारीक फांद्या, गवत आणि वर माती असे थर देऊन ते पेटवतात. हा राब. जाळामुळे तणाचं बी मरतं आणि माती भुसभुशीत होते. पहिला पाऊस झाला की त्यात भाताचं बी टाकायचं. एकवीस ते पंचवीस दिवसांत रोप वीतभर होतं. तेच आवण. ते ह्याच वयात खाचरात गेलं पाहिजे. महिना उलटला की ते राबातच जून होतं, खाचरात गेल्यावर फुटवे कमी धरतं, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. शिवाय खाचरात पाणी पाहिजे, चिखल पाहिजे, आणि चिखल केल्या दिवशीच आवणी झाली पाहिजे. माती बसली की बोटं आत जात नाहीत. एकराला पंधरा-वीस माणसं लागतात. घरात कामाची माणसं तीन, फार तर चार. घरच्या घरी करायचं म्हटलं तर अर्धं आवण पिवळं पडेल.

एका घराला जे अजिबात जमण्यासारखं नाही, ते आठ घरांना जमतं. मात्र आठही घरांनी आपापलं काम थोडं पुढे ढकलायला तयार असलं पाहिजे. माझं आवण आज तयार आहे, तरी मी आज तुमच्या खाचरात उभी आहे. पडकईतला सगळ्यात अवघड भाग हाच. पाठ दुखते ती रात्रीपुरती. आपलं रोप राबात वाट बघत असताना दुसऱ्याच्या चिखलात उतरायचं, ह्याला जास्त ताकद लागते.

उकिडवं बसून दोन्ही हातांनी आवण उपटायचं, मुळांची माती पाण्यात झटकायची, मूठ झाली की पेंढ्याच्या काडीने बांधायची. मुठी बांधायला वरच्या आळीची आजी आली आहे. तिला वाकवत नाही, म्हणून ती एका दगडावर पोतं टाकून बसते आणि आम्ही टाकलेलं आवण बांधत जाते. तिची मूठ कधी सुटत नाही. तिच्याबद्दल पुढे सांगायचं आहे.

काकींनी यंदा सगळी इंद्रायणी टाकली आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आलेलं हे वाण. आंबेमोहराचा वास त्याला त्याच्या एका बापजाद्याकडून मिळाला. कोपऱ्यात थोडं जुनं गावरान भातही आहे, घरी खायला.

साडेआठ

खालच्या खाचरात चिखलणी चालू आहे. दोन बैलजोड्या, आणि पलीकडे एका घरचा पॉवर टिलर. टिलरवाला डिझेलचे पैसे घेतो, भाडं घेत नाही; त्याच्या खाचराला त्याला माणसं लागतात.

हिशोब असा असतो. माणसामागे माणूस. बाईमागे बाई आणि बाप्यामागे बाप्या असा भेद आमच्या वाडीत धरत नाहीत. बाजारात बाईची हजेरी बाप्याच्या हजेरीपेक्षा कमी असते. तोच दिवस, तेवढेच तास, आणि आवणीत तर बाईचा हात जास्त चालतो. पडकईत तिचा दिवस पूर्ण दिवस धरला जातो. बैलजोडी घेऊन आलेल्या माणसाचा दिवस दुप्पट. कुणाचं पोर शाळा बुडवून आलं तर ते अर्ध्यात धरायचं की धरायचंच नाही, ह्यावर वाद होतात. आई म्हणते, धरायचं नाही, म्हणजे कुणी पोराला आणणार नाही. तिचं म्हणणं मला पटतं.

ह्यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. तरी भांडण क्वचित होतं, कारण सगळ्यांना सगळ्यांचा हिशोब माहीत असतो. काकींच्या सुनेला तुम्ही विचारा, आमचं त्यांच्याकडे किती, त्यांचं आजीकडे किती, ती सांगेल.

पण पडकई म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं, असं मी लिहिणार नाही. ज्याचं क्षेत्र जास्त त्याच्या खाचरात जास्त दिवस जातात, आणि त्याच्या घरी माणसं मात्र तेवढीच. तो फेड कापणीला करतो, झोडणीला करतो, कधी बैल देतो. तरी पारडं त्याच्याकडे झुकतंच. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याची पाळी लवकर लागते, हेही मी पाहिलं आहे. लहान घराला गप्प बसावं लागतं. ही खोट आहे आणि ती मोठ्यांनी बोलून दाखवली पाहिजे. आमच्या वाडीत ती बायांनी बोलून दाखवली आणि पाळ्या आता आवणाच्या वयावर ठरतात. ज्याचं आवण आधी तयार झालं त्याचं खाचर आधी.

साडेदहा

आता आवणी. ओळीत उभं राहायचं, मागे मागे सरकत जायचं, डाव्या हातात मूठ, उजव्या हाताने दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या. कृषी खात्याचे लोक चारसूत्री पद्धत शिकवून गेले तेव्हापासून काकींकडे दोरी लावतात. अंतर सारखं राहतं आणि रोपांच्या चौकोनात खताची गोळी देता येते. दोरी धरणाऱ्या दोन पोरींना सगळे ओरडत असतात, कारण दोरी हलली की ओळ वाकडी जाते.

ओळीत कुणीच पुढे पळत नाही. सगळ्यांत सावकाश हात असेल त्याला मधे घेतात आणि दोन्ही बाजूंचे त्याच्या वाट्याची दोन-दोन रोपं लावून टाकतात. आज मधे आई आहे. तिच्या डावीकडे काकींची सून, उजवीकडे मी. आईला ते कळतं. ती काही म्हणत नाही, फक्त मधूनच गुडघ्यावर हात टेकून सरळ होते आणि गाण्याचं पुढचं कडवं उचलते. गाणी तिलाच येतात. आमच्या पिढीला ध्रुवपद येतं.

जपानच्या खेड्यांत भातलावणीसाठी अशीच एकमेकांच्या घरी जायची रीत होती, तिला युई म्हणतात. नेपाळच्या डोंगरात पर्म आहे. भात हाताने लावलं जातं अशा अनेक ठिकाणी ही रीत सापडते, आणि ह्याचं कारण माणसं तिथे जास्त भली आहेत असं नाही. भात माणसाला एकट्याने जगूच देत नाही. चांगुलपणा आधी आणि पडकई नंतर असं झालं नसावं. गरजेने माणसं एका खाचरात आली, आणि वर्षानुवर्षं एका खाचरात वाकून वाकून त्यांना एकमेकांचे गुडघे, ताप, कर्ज, सासुरवास सगळं कळत गेलं. आईचा गुडघा काकींच्या सुनेला सांगावा लागला नाही.

दुपारी एक

जेवण काकींच्या घरचं. पडकईत ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण, हा नियम. भात, कुळथाचं पिठलं, कुर्डूची भाजी, आणि पहाटे ओढ्याला गेलेल्या पोरांनी आणलेल्या खेकड्यांचं कालवण. बांधावर उभ्याने, कागदाखाली ताटली धरून खायचं. काकी स्वतः शेवटी जेवतात, आणि प्रत्येकाला दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय जेवत नाहीत.

हे महिने घरातल्या कणगीचा तळ दिसण्याचे. आईच्या तरुणपणी आषाढ-श्रावणात भात उसनं आणायचं आणि कापणीला एकाचं दीड फेडायचं. त्याला दिढी म्हणत. ज्याच्याकडून आणलं त्याच्या खाचरात आधी राबायचं, ते वेगळं. पुढे सरकारची खावटी कर्जं आली. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात खावटीचं अनुदान जाहीर झालं, घरटी चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा. त्या मदतीला मी नावं ठेवणार नाही, भुकेल्या घरात तेल-डाळ आली. पण त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले हिरडे उपटून टाकले, घरांची कौलं-पत्रे उडाले, आणि आवणी तोंडावर होती. छपरं आधी माणसांनी माणसांची शाकारली. पंचनामे नंतर. ज्यांची हिरड्याची झाडं गेली त्यांचा उन्हाळ्यातला रोख पैसा गेला, बी-खताला हात अडला. त्या वर्षी वाडीत बी वाटून घेतलं गेलं.

मदतीचे हे दोन प्रकार मी लहानपणापासून शेजारी शेजारी पाहत आले. जुन्नरच्या नाणेघाटात लेण्याच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. त्यात यज्ञ आणि यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं. जुन्नरच्याच डोंगरातल्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे. त्या टाक्याचं पाणी कितीतरी वाटसरूंनी प्यायलं असेल. दानाची मला किंमत आहे. पण दान देणाऱ्याचं नाव दगडात राहतं आणि घेणाऱ्याची मान खाली राहते. काकींच्या बांधावर आज वीस माणसं जेवत आहेत आणि ह्यात देणारं कोण, घेणारं कोण, हे बाहेरच्या माणसाला ओळखता येणार नाही. काकी आज घेणाऱ्या आहेत आणि वाढतायत त्याच. मी देणारी आहे आणि दुसऱ्यांदा भात मागते आहे.

अडीच

पाऊस इतका वाढला की समोरचं खाचर दिसेना. सगळे आंब्याखाली. इथून उघडीप झाली की डिंभ्याचं पाणी दिसतं.

डिंभे धरण घोड नदीवर आहे, साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. ज्याच्या नावाने आमचा तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली आहे, आणि नदीकाठची सगळ्यांत चांगली भातखाचरंही. पाणी कालव्यांनी पूर्वेला जातं, ऊस होतो, द्राक्षं होतात, कांदा होतो. आमची माणसं वर सरकली, उताराला. उतारावर भात होत नाही, तिथे आधी खाचर बनवावं लागतं: दगड फोडायचा, ताल म्हणजे दगडी बांध रचायचा, माती ओढून सपाटी करायची, पावसाने ताल फुटली की पुन्हा रचायची. एका घराची दहा वर्षं त्यात जातील. म्हणून कापणी उरकली की उन्हाळ्यापर्यंत पडकई खाचरं बनवायलाही चालते. आज तुझ्या उतारावर, उद्या माझ्या. आई सांगते, आमची वरची तीन खाचरं अशीच झाली. प्रत्येक तालीत कुठला दगड कुणी लावला हे तिला अजून आठवतं.

कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने ह्या भागात हेच ओळखलं. त्यांनी बाहेरून नवी योजना आणली नाही. लोक जे करत होते त्याच्या पाठीशी उभे राहिले. पडकईला बळ दिलं, धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन धरणग्रस्तांना कसायला मिळावी म्हणून लोकांबरोबर लढले, जलाशयावर आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. 2012 मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मला त्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: ज्यांचं बुडालं त्यांना त्यांनी बिचारे मानलं नाही.

पुढे पडकई सरकारी योजनेत गेली, आणि उतारावर जेसीबी आले. माणसांनी महिन्यात जे केलं असतं ते यंत्र दिवसात करतं. माळीणनंतर कारणांची चर्चा झाली तेव्हा यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचंही नाव निघालं. जाणकारांचं त्यावर एकमत झालं नाही, आणि मी भूगर्भाची अभ्यासक नाही. पण एवढं मला कळतं की पहार हातात घेऊन उतार खणणाऱ्या वीस माणसांना डोंगर कुठे हात लावू देतो आणि कुठे नाही, ते खणता खणता समजतं. म्हातारी माणसं सांगायची, इथून खाली झरा आहे, इथे नको. यंत्राच्या केबिनमध्ये बसलेल्या, दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या ड्रायव्हरला ते कोण सांगणार? ज्याला पडकई म्हणायचं तिच्यातून माणसं काढून घेतली तर उरतं ते नुसतं मातीकाम.

साडेतीन

काकींचं शेवटचं खाचर सव्वातीनला संपलं. पाऊस उणावला. घरी जायला कुणी निघालं नाही. उरलेल्या मुठी पाट्यांत भरल्या आणि सगळे वरच्या आळीला, आजीच्या खाचराकडे.

आजीला सहा-सात गुंठे आहेत. नवरा नाही, मुलगा नाही, मुलगी जुन्नरकडे दिलेली. तिच्या घरातून माणूस जाऊ शकत नाही, म्हणजे नियमाने तिच्या खाचरात कुणी यायला नको. माणसामागे माणूस हा नियम कडकपणे चालवला तर सगळ्यांत आधी आजीच बाहेर पडते. आणि नियम सोडून तिचं खाचर धर्मादाय लावून दिलं, तर ती ते घेणार नाही. बरीच वर्षं झाली, एकदा तसं झालं होतं. वाडीने तिच्या नकळत तिची आवणी उरकली. ती दुसऱ्या दिवशी घरोघर फिरली आणि प्रत्येक उंबऱ्यावर पायलीभर भात ठेवून आली, घरात तेवढंच होतं तरी. कुणाला ते परत करता आलं नाही.

त्यानंतर वाडीने तिचं काम ठरवलं. सगळ्यांच्या राबावर मुठी बांधायला आजी. ज्यांची पोरं लहान त्यांची पोरं आजीच्या ओट्यावर. आवणीचा अख्खा पंधरवडा ती रोज कुणाच्या ना कुणाच्या कामावर असते. तिचे दिवस पूर्ण धरले जातात. पंधरवड्याच्या शेवटी वाडीकडेच तिचे दिवस शिल्लक निघतात.

दुबळ्याला मदत केली पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला फेड करता येईल अशी जागा करून देणं कुणाला सुचत नाही, आणि खरं काम तेच आहे. माणूस जगतं ते मिळालेल्या भातावर जेवढं, तेवढंच आपला हात कुणाच्या तरी उपयोगी पडतो ह्या जाणिवेवर. आजीला आज आठ घरं हाक मारतात ती दयेने नाही. तिच्यासारखी मूठ वाडीत दुसऱ्या कुणाची होत नाही.

पाऊण तासात तिचं खाचर झालं. तिने चहा केला, साखर जास्त घातली, आणि दादाला म्हणाली, "मपली सतरा माणसं झाली आज. तुपल्या आईला सांग, तिचा अर्धाच दिवस धरलाय, गुडघा दुखत व्हता तिचा."

आई शेजारीच उभी होती. "अर्धा का? पुरा धर," ती म्हणाली. दोघी त्यावर बराच वेळ भांडल्या.

सहा

घरी. अंगावर गरम पाणी. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात, त्यांना हळद घातलेलं गोडेतेल. वहिनीचा ताप उतरलाय. काकींच्या धाकट्या मुलीने दुपारी येऊन पोरांना जेवू घातलं. ती आज आवणीला नव्हती, तिला दहावीचा अभ्यास आहे. तिचं येणं कुणीच हिशोबात धरणार नाही, आणि धरायला गेलो तर तिला राग येईल.

नारायणगावहून जीप आली. आमच्या वाडीतले चौघं तिकडे टोमॅटोच्या कामाला जातात, बाजारावर, रोख हजेरीवर. त्यांच्याविषयी वाडीत कुरकुर असते की ऐन आवणीत हे पैशामागे पळतात. मला तशी कुरकुर करवत नाही. पोरांची फी, दवाखाना, मोबाईलचं रिचार्ज ह्यांतलं काही भाताच्या मुठीने भागत नाही. आमच्याच डोंगराचं पाणी ज्या शेतांत गेलं तिथे हजेरीने राबायला आमचीच माणसं जातात, ह्याचं दुःख मला आहे, पण त्याचा दोष त्या चौघांवर टाकणं अन्याय आहे. आपल्या घरासाठी चार पैसे मिळवणं हे दुसऱ्याच्या आवणीला जाण्याच्या विरुद्ध नाही. ज्याच्या घरातली चूल विझली त्याला पडकईला तरी कुठून येववणार?

साडेआठ

बचत गटाची बैठक आमच्या पडवीत आहे. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये. बँकेचं पुस्तक, ठरावाची वही, सगळं लिहिलेलं. त्यातून एका घराने शेळ्या घेतल्या, एकीने शिलाईयंत्र. हप्ता थकला तर बाकीच्या अकराजणी दारात जातात. आई म्हणते, ही पैशाची पडकई. पण माणसांच्या हिशोबाची वही करायचा विषय एकदा निघाला तेव्हा तिनेच नको म्हटलं. लिहिलं की मग तेवढंच करतील, म्हणाली.

बैठक संपता संपता बाप्ये येऊन बसले. उद्या कुणाच्या खाचरात, ते ठरायचं होतं. पाळी आमच्या दुसऱ्या खाचराची. पण मधल्या घरचं आवण पिवळं पडायला लागलंय. त्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच, मुलगा आणि सून चाकणला कंपनीत. सुट्टी मिळत नाही. मुलाने फोनवरून निरोप दिलाय की माणसाऐवजी पैसे देतो, हजेरीच्या दराने, आजच पाठवतो.

ह्यावर पडवीत बराच वेळ चर्चा झाली. एकाचं म्हणणं, घ्या की, पैसा काय वाईट? दुसऱ्याचं, आज ह्याने पैसे दिले, उद्या दहाजण पैसे देतील, मग खाचरात उतरणार कोण? टिलरवाल्याने डिझेलपुरते घेऊ असं सुचवलं. म्हातारा खांबाला टेकून बसला होता, त्याने मान वर केली नाही. पोराने कष्टाचा पैसा देऊ केला होता. त्यात त्याचा अपमान करण्यासारखं काही नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं, म्हणूनच कुणाला पटकन बोलता येईना.

शेवटी आईने माझ्या हातातला फोन मागितला आणि त्याला लावायला सांगितला. "दादा, पैसा तुपल्यापाशी ठेव. डिझेलचे तेवढे टिलरवाल्याला दे. कापणीला दिवाळीची सुट्टी असंल ना? तव्हा तू न् तुपली कारभारीण, चार दिवस. दोघांचे मिळून आठ धरते. चालंल?"

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "मंग झालं," आणि फोन मला परत दिला.

आमचं दुसरं खाचर परवावर गेलं. उद्या मधल्या घरी चौदा माणसं, एक टिलर, एक बैलजोडी, बैल दादाचे. आजी मुठी बांधायला. त्या घरी चौदाजणांचं रांधायला कुणी नाही, म्हणून उद्या भाकरी ज्याने त्याने आपापली आणायची आणि कालवण काकींकडून जायचं.